वडोदऱ्याचा पावसाळा, नक्षीदार रिव्हॉल्वर आणि रेनेसाँ वॅक्स

रेनेसाँ वॅक्सचा डबा ६५ मिलिलिटरचा, आत गोठलेल्या तुपासारखं दिसणारं मेण. झाकण काढलं की रंगकामाच्या टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, तो त्यातल्या व्हाइट स्पिरिटचा, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावकाचा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात हे मिश्रण तयार झालं आणि आजही जगभरच्या संग्रहालयांत वापरलं जातं. नक्षीकामाच्या जुन्या रिव्हॉल्वरसाठी यापेक्षा भरवशाचं काही नाही. मात्र चुकीच्या हातात तेच नक्षी बुजवतं.

वडोदऱ्यात खरी कसोटी जून ते सप्टेंबर. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात आणि कपाटातलं पोलाद आठवड्याभरात तांबूस दिसू लागतं. सवयीने लोक तेल चोपडतात. तेल ओघळून खालच्या बाजूला साचतं, धूळ ओढतं, कोरलेल्या रेषांत काळा चिकटा भरतो आणि मुठीचं अक्रोडाचं लाकूड डागाळतं. मेण लावलं तिथेच राहतं, हाताचा घाम धातूपर्यंत जाऊ देत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पितळेच्या भांड्यांचं पॉलिश. १८५१ च्या कोल्ट नेव्ही या अमेरिकी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर जहाजांची लढाई दिसते. ती हाताने कोरलेली नाही. वॉटरमन ऑर्म्सबीने कोरलेल्या साच्यावरून दाब देऊन उठवलेली आहे, म्हणून अगदी उथळ. तिथला ‘१६ मे १८४३’ हा दिनांक इंग्रजीत स्वच्छ वाचता येतो का, यावर जाणकार नगाची पारख करतात. दोन-चार वेळा घासलं की तो गेलाच. आपल्याकडच्या कोफ्तगरीचंही तसंच. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडून त्यावर सोन्याची तार ठोकलेली असते. जिथे सोनं घासलं गेलं तिथे भिंगाखाली त्या रेघा उघड्या पडलेल्या दिसतात. गेलेलं सोनं कुठल्याही मेणाने परत येत नाही.

हात लावण्याआधी एक गोष्ट कधीच टाळायची नाही. जुन्या टोपीच्या (ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी मागे बसवून उडणाऱ्या) रिव्हॉल्वरमध्ये दीडशे वर्षांपूर्वीची दारू-गोळी अजून असू शकते. सिलिंडरची सगळी घरं टॉर्चने बघा, बांबूची काडी आत घालून खोली सगळ्यांत सारखी भरते का ते तपासा आणि मागची निपलं, म्हणजे टोपी बसवायची बोंडं, टोप्यांविना आहेत याची खात्री करा. शंका आली तर काम तिथेच थांबवून परवानाधारक बंदूक कारागिराकडे द्या. ओल घालवायला हेअर ड्रायर तर अजिबात नको.

मग नायट्राइलचे हातमोजे घाला, मऊ ब्रशने धूळ झाडा आणि कापसाच्या बोळ्यावर व्हाइट स्पिरिट घेऊन जुनं तेल उतरवा. बोळा स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. स्पिरिट आणि मेण दोन्ही ज्वालाग्राही, म्हणून खिडकी उघडी हवी आणि समई-उदबत्ती लांब. मेण मुगाच्या दाण्याएवढं पुरे, तेही कपड्यावर घ्यायचं, धातूवर नाही. एका वेळी दोन-तीन बोटं रुंद भाग घ्या, लगेच मऊ सुती कापडाने पुसा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. ताज्या थरावर पुन्हा लावलं तर नव्या मेणातलं स्पिरिट पहिला थर विरघळवतं.

या मेणाचा मोठा दोष इथेच दिसतो. जास्त घेतलं की कोरीव वेलबुट्टीच्या खाचांत ते सुकून पांढरं पडतं आणि लांबून बुरशी आल्यासारखं वाटतं. मऊ केसांच्या टूथब्रशने ताजं असतानाच काढा. वाळलं असेल तर काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करून उचला. टाचणी नको, ओरखडा कायमचा राहतो.

गंजावर हे औषध नाही. भुरभुरणारा लाल गंज मेणाखाली झाकला तर आत ओल असेल तोवर वाढतच राहतो. तो आधी थांबवायला हवा, तोही गंज काढणाऱ्या आम्लाशिवाय, कारण आम्ल गंजाबरोबर मूळचा निळसर मुलामाही उतरवतं. घोडा आणि चाप यांच्या आतल्या यंत्रणेतही मेण घालू नये, तिथे हलक्या तेलाचा एखादा थेंब बरा. बंद पडलेली यंत्रणा चालू करण्याच्या फंदात तर पडूच नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रापुरती आहे.

कोल्टच्या मुठीच्या पितळी पट्टीवर अनेकदा चांदीचा पातळ मुलामा असतो. तिथे कापड दाबू नका, नुसतं फिरवा.

मेण लावलं तरी शस्त्र कातडी खोळीत ठेवायचं नाही. कमावलेल्या कातड्यातली आम्लं आणि क्षार पितळेवर हिरवी पुटं आणतात. उघड्या लाकडी फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. मेणाचा नवा हात मे महिन्यात, पाऊस येण्याआधी.

आठ-दहा नगांच्या संग्रहाला ६५ मिलिलिटरचा डबाच घ्या. २०० मिलिलिटरचा डबा स्वस्त पडतो, पण झाकण सैल राहिलं तर स्पिरिट उडून अर्धा संपायच्या आत मेण दगड होतं.