काळी, तांबडी की कोकोपीट? कोल्हापुरातल्या घरबागेसाठी

कोल्हापुरात माती विकत आणतो म्हटलं की घरातली जुनी माणसं हसतात. शिरोळचा पाहुणा येताना पोतंभर काळी आणतो, राधानगरीचा तांबडी. मग पैसे कशाला घालवायचे? पण रानात ऊस पोसणारी माती कुंडीतही तशीच वागेल, असं नसतं.

काळीपासूनच सुरू करतो, कारण माझी फसगत तिनंच केली. पहिल्या वर्षी सगळ्या कुंड्या निव्वळ काळीनं भरल्या. जुलैत तुळस कुजली. एप्रिलमध्ये माती आकसली आणि कुंडीच्या कडेपासून सुटली. पाणी घातलं की त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. मधला गड्डा कोरडाच, आणि मी मात्र रोज पाणी घालतोय! ही चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात तिला वाफसा यायला, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून ओल बेताची व्हायला, जागा असते, वेळही असतो. 12 इंची कुंडीत दोन्ही नाही. अंगणात जमिनीत लावणार असाल तर मात्र काळीसारखी नाही. पाणी आणि खत धरून ठेवते, कढीपत्ता, लिंबू, शेवगा जोरात येतो. फक्त पाणी साचणारी जागा टाळा आणि उन्हाळ्यात वर उसाचं पाचट पसरा, भेगा कमी पडतात.

काळीत चुनखडी असू शकते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. अशा मातीत जास्वंद, गुलाब यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. लोक युरिया घालत बसतात, त्यानं हे सुटत नाही.

तांबडी पश्चिमेकडची: पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगड. लोहामुळं लाल, निचऱ्याला उत्तम, आणि पावसाचं पाणी धुऊन नेत असल्यानं सहसा किंचित आम्लधर्मी. कुंडीसाठी माझं मत हिलाच. पण ती भुकेली असते. शेणखताशिवाय नुसती भरली तर झाड जगतं, वाढत नाही. मे महिन्यात रोज पाणी लागतं. घेताना मूठभर ओली करून चोळा. हाताला नुसते खडे लागले तर तो मुरूम आहे, लाल रंगावर भुलू नका. (तालमीच्या हौदातली तांबडी सुंदर दिसते, पण तिच्यात तेल, हळद, ताक घातलेलं असतं. ती पैलवानांसाठीच राहू दे.)

कोकोपीट ही माती नव्हेच, नारळाच्या काथ्याचा भुसा. तिचा खरा उपयोग गच्चीवर. 12 इंची कुंडी ओल्या मातीनं भरली की 25 किलोच्या आसपास जाते. अशा तीस कुंड्या जुन्या स्लॅबवर ठेवण्याआधी विचार करा. 5 किलोची वीट भिजवली की साधारण 60 ते 70 लिटर भुसा होतो. दोनदा धुऊन घ्या, क्षार निघून जातात. पोषण जवळपास शून्य, खत सगळं आपणच द्यायचं. शिवाय वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळं पाणी जास्त होतं. बोट दोन पेरं आत घालून बघा.

महापुरात अंगणात आलेल्या गाळाबद्दलही विचारतात. नदीकाठचा पोयटा पूर्वीपासून नावाजलेला, हे खरं. पण 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी गटारांतूनही फिरून आलं होतं. फुलझाडांना चालेल; मेथी-कोथिंबिरीला मी तो वापरणार नाही.

आता माझ्या कुंड्यांत दोन घमेली तांबडी, एक काळी, एक चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. गच्चीवर दोन भाग कोकोपीट, एक तांबडी, एक गांडूळखत. शेणखत ताजं नको, मुळं भाजतात. आपल्याकडं म्हशी उदंड, तेव्हा गोठ्यावर विचारताना ‘मागल्या वर्षीचं आहे का?’ असंच विचारा. काळं, भुसभुशीत आणि वास न येणारं मिळालं तरच पोतं उचला.