जिन सावरसाठी घेतलेला तीन भागांचा शेकर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विक्रेत्याने माझी दुसरी तक्रारही ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वस्तू साधीच आहे: ७५० मिलिलिटरचा स्टीलचा कॉकटेल शेकर, म्हणजे खाली भांडे, मध्ये गाळणीचा घुमट आणि त्यावर बसणारे टोपण. १८८४ साली ब्रुकलिनच्या एका माणसाने अशा तीन भागांच्या शेकरचे पेटंट घेतले आणि मूळ रचना आजही तीच आहे, त्यामुळे तिचे वर्णन करण्यात वेळ घालवत नाही. भांडे उत्तम आहे, लिंबाच्या रसाने त्यावर आजवर डाग पडलेला नाही. माझे भांडण फक्त टोपणाशी आहे आणि यापुढचे बहुतेक लिखाण त्याच्याविषयीच आहे.

शेकर मी जवळजवळ एकाच पेयासाठी वापरतो: जिन सावर, म्हणजे जिन हे मद्य, लिंबू आणि साखर यांचे आंबटगोड कॉकटेल. बाहेर जिन सावरच्या एका ग्लासाला जे पैसे मोजावे लागतात, त्यात घरी कितीतरी ग्लास होतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साठ-साठचे बारा पेग निघतात आणि बाकीचे साहित्य म्हणजे लिंबू, साखर आणि अंडे. माझे प्रमाण ६० मिलिलिटर जिन, २५ मिलिलिटर लिंबाचा रस, २० मिलिलिटर साखरेचा पाक आणि अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग असे आहे. पाकासाठी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन, साखर विरघळेपर्यंतच कोमट करून, थंड झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवतो. परदेशी पाककृतींत लिंबाचा रस सहसा ३० मिलिलिटर सांगितलेला असतो, पण तो जाड सालीच्या पिवळ्या लिंबाचा. आपले कागदी लिंबू हे वेगळे फळ आहे, त्याची आंबटाई अधिक बोचरी असते आणि तीसच्या हिशेबाने जिनची चवच हरवते.

अंड्याबद्दल थोडे. कॉकटेलच्या पाककृतींच्या १८६२ सालच्या एका अमेरिकन पुस्तकात जिन सावर आहे, पण त्यात अंडे नाही. ते नंतर आले. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल वगळावे, पेय तरीही जिन सावरच राहते. मला मात्र वरचा तो दाट पांढरा फेस हवा असतो, आणि टोपणाशी भांडण सुरू होते ते नेमके या फेसापायी.

अंड्याच्या पांढऱ्या भागाचा फेस थंडीत नीट फुलत नाही, म्हणून आधी बर्फाशिवाय सगळे मिश्रण जोरात हलवून घ्यायचे आणि मग बर्फ घालून पुन्हा हलवायचे, अशी पद्धत आहे. बर्फाशिवाय हलवताना माझा शेकर गळतो. टोपणाच्या कडेतून चिकट थेंब बाहेर येऊन मनगटावरून कोपरापर्यंत जातात आणि ओट्यावर, फरशीवर आणि एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही पोचले आहेत. याच शेकरमध्ये बर्फ घालून हलवले की नेमके उलट घडते: टोपण इतके घट्ट बसते की हाताने निघत नाही. एकच टोपण एका मिनिटात गळके आणि पुढच्या मिनिटात अडेल होते, हे मला सुरुवातीला निव्वळ बेपर्वा उत्पादनाचे लक्षण वाटले.

तक्रार केल्यावर जे घडले त्यात मनोरंजन तरी होते. गळतीच्या तक्रारीला उत्तर आले की टोपण अधिक घट्ट लावावे. अडकण्याच्या तक्रारीला, त्याच आठवड्यात, उत्तर आले की टोपण इतके घट्ट लावू नये. दोन्ही उत्तरांखाली माझ्या समाधानाबद्दल आगाऊ आभार मानलेले होते. मी दोन्ही उत्तरे एकत्र जोडून पाठवली आणि टोपण नेमके किती घट्ट लावावे हे कळवण्याची विनंती केली, तेव्हा व्हिडिओ मागवण्यात आला. एका हाताने गळता शेकर हलवत दुसऱ्या हाताने चित्रीकरण करणे ज्यांना जमते त्यांनी अवश्य करावे. मी घरातल्यांची मदत घेऊन ते केले आणि त्यावर काही दिवस शांतता पसरली.

इथे एक उपयोगाची गोष्ट नोंदवतो. ई-वाणिज्याबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांच्या आत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी पुढच्या पत्रात या दोन्हींचा फक्त उल्लेख केला आणि चार दिवसांत नवे टोपण कुरियरने दारात आले. सातशे-आठशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा पत्रव्यवहार कशाला, असे घरात विचारले गेले. माझ्या मते सातशे रुपये हे सातशे रुपयेच असतात.

नवे टोपण जुन्यासारखेच वागले. तेच गळणे, तेच अडकणे. इथे मला माझे मत बदलावे लागले, कारण दोन वेगवेगळी टोपणे एकाच तऱ्हेने बिघडलेली असण्यापेक्षा कारण रचनेतच असण्याची शक्यता अधिक होती, आणि थोडा विचार केल्यावर ते सापडलेही. बर्फासह हलवल्यावर मद्यामुळे मिश्रण शून्याच्याही खाली, उणे पाच अंशांच्या आसपास जाते. पुण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातली तीस अंशांची हवा शेकरमध्ये कोंडली जाते आणि ती तितकी थंड झाली की तिचा दाब सुमारे एक दशांशाने घटतो. बाहेरची हवा मग टोपणाला आत दाबून धरते. बर्फ नसताना ही ओढ निर्माणच होत नाही, म्हणून तेच टोपण सैल राहते आणि गळते. म्हणजे हा शेकर बर्फावर हलवण्यासाठीच घडवलेला आहे, आणि बर्फाशिवाय हलवण्याची गरज असलेल्या पेयाला तो मुळातच अनुरूप नाही. विक्रेत्याला एवढे एक वाक्य लिहिता आले असते तर माझ्या मनात त्याच्याविषयी आदर राहिला असता.

अडकण्यावर उपाय आहेत. गाळणी आणि टोपण एकत्र दाबून बसवू नये. आधी गाळणी भांड्यावर बसवून आतली जादा हवा निघू द्यावी आणि टोपण शेवटी ठेवावे. तरीही अडकले तर टोपणाभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके काही क्षण धरावे, म्हणजे बाहेरचे टोपण आतल्या गळ्याच्या आधी प्रसरण पावते आणि सुटते. ओट्याच्या कडेवर आपटू नये, त्याने टोपणाची कड वाकते आणि मग ते खरोखरच गळू लागते. टोपणाशी झटापट चालू असताना आत बर्फ वितळतच असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. घरच्या फ्रीजमधला बारीक, ओला बर्फ तर फारच लवकर पाणी सोडतो आणि उन्हाळ्यात लिंबे महाग असताना पाणचट झालेले जिन सावर पिणे जिवावर येते.

गळतीवरचा उपाय मात्र शेकरमध्ये नव्हताच, तो स्वयंपाकघरातल्या खणात होता. ताक करण्याची छोटी स्टीलची रवी घेऊन अंड्याचा पांढरा भाग, लिंबाचा रस, पाक आणि जिन भांड्यातच अर्धा-पाऊण मिनिट घुसळले की फेस असा येतो की बर्फाशिवाय हलवण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर बर्फ घालावा, झाकावे आणि भांड्याला हात लावणे नकोसे होईपर्यंत, साधारण पंधरा सेकंद, हलवावे. लाकडी रवी वापरू नये, तिला अंड्याचा वास धरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या ताकावरून घरात चौकशी होते. रवी आल्यापासून गळतीचा प्रश्न संपला, त्यामुळे शेकरविषयीचा माझा राग निम्म्यावर आला आहे.

निम्म्यावरच, कारण टोपणाचा तिसरा अपराध शिल्लक आहे. खोक्यावर लिहिले आहे की टोपण ३० मिलिलिटरचे माप म्हणूनही वापरता येते. मी ते काठोकाठ पाण्याने भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले. ३० मिलिलिटर पाण्याचे वजन ३० ग्रॅम भरायला हवे. काटा ३८ वर थांबला. नवे टोपणही तेवढेच. आत कुठे रेघ नाही, खूण नाही. दोन टोपणे जिन आणि एक टोपण लिंबू असा हिशेब केला तर परस्पर प्रमाण टिकेल, हे मला मान्य आहे, पण माणसाला आपण किती मद्य घेत आहोत हे कळायला नको का? साठऐवजी शहात्तर मिलिलिटर म्हणजे पाव पेग जास्त. शिवाय बाटलीतून बाराऐवजी नऊच ग्लास निघतात, हा तोटा वेगळाच. तीस-साठचे साधे पेग मेजर बाजारात कुठेही मिळते, तेच वापरावे.

गाळणीबद्दल इतकेच की तिची छिद्रे मोठी आहेत, बर्फाचे कण आणि लिंबाचे तंतू खाली येतात, तेव्हा खाली चहाची बारीक गाळणी धरावी. जिन फार महागडी घेण्याची गरज नाही; गोव्यात तयार होणाऱ्या भारतीय जिन या पेयाला पुरेशा आहेत. गोव्यात त्या स्वस्त मिळतात हे खरे असले, तरी परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे बेकायदा आहे, त्यामुळे तो बचतीचा मार्ग मी धरत नाही. अंडे कच्चेच पोटात जाते आणि जिन किंवा लिंबू त्यातल्या जंतूंचा खात्रीने नाश करत नाहीत, म्हणून अंडे ताजे, न तडकलेले घ्यावे. शाकाहारी पाहुण्यांसाठी छोले शिजवलेले दाटसर पाणी ३० मिलिलिटर घालतो. फेस जवळजवळ तसाच येतो, फक्त छोल्यांत मीठ घालण्याआधी ते काढून ठेवावे लागते.

ज्यांना अंडे न घालता जिन सावर करायचे आहे त्यांनी हा शेकर घ्यायला हरकत नाही, फक्त फडके जवळ ठेवावे. अंडे घालणाऱ्यांनी घरात रवी नसेल तर तो घेऊ नये. त्यांनी एकावर एक तिरके बसणारे दोन स्टीलचे ग्लास असलेला शेकर पाहावा, ज्याला टोपणच नसते. मी स्वतः तो घेणार नाही, कारण आता माझ्याकडे एक शेकर आणि दोन टोपणे आहेत. पाचपैकी तीन तारे देतो आहे. त्यातला एक रवीचा आहे.