भाड्याचं घर शोधायचं ॲप: फुकट वापरलं तर ४ स्टार, पैसे भरले तर १

नोकरी बदलली म्हणून नवीन शहरात आले, ओळखीचं कुणी नाही आणि जॉईन व्हायला फक्त तीन आठवडे. मग सगळे करतात तेच केलं, भाड्याच्या घरांचं एक ॲप डाऊनलोड केलं. नाव घेत नाही, कारण नंतर अजून दोन ट्राय केली ती पण थोड्याफार फरकाने तशीच निघाली. सरासरी काढली तर अडीच स्टार होतात, तेवढेच दिलेत.

आधी चांगलं सांगते. भाव कळायला ॲप खरंच भारी आहे. पहिले चार दिवस मी एकालाही फोन केला नाही, नुसतं एकेक एरिया टाकून रोज रात्री लिस्ट शेवटपर्यंत बघायचे, त्यातून कळलं की माझ्या बजेटमध्ये कुठे काय मिळतं आणि कुठे उगाच चपला झिजवायच्या. त्यामुळे एखादं घर आजूबाजूच्या रेटपेक्षा अगदीच स्वस्त दिसलं की तिथेच शंका यायची. भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत बसवा असं सगळेच सांगतात, पण त्यात मेंटेनन्स, लाईटबिल, पार्किंग धरायचं की नाही हे कोणी सांगत नाही. मी धरलं, तर अर्धी लिस्ट तिथेच गळाली.

फोटोंवर मात्र काडीचा विश्वास ठेवू नका. वाइड अँगलने काढलेला हॉल क्रिकेट खेळता येईल एवढा दिसतो आणि प्रत्यक्षात सोफा ठेवला की दार उघडत नाही. फोटोच्या कडेला असलेला फ्रिज किंवा बेड विचित्र ताणल्यासारखा दिसला तर समजून जायचं. एका लिस्टिंगवर 'आज पोस्ट केलं' असं लिहिलेलं, मी सहज झूम केलं तर किचनच्या भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर तीन वर्षांपूर्वीचं साल! फोन केला तर उत्तर पाठ केल्यासारखं, "मॅडम तो सकाळीच गेला हो, पण तसाच दुसरा आहे, भाडं थोडंसं जास्त आहे." असं मला एकूण सहा जणांनी ऐकवलं, आणि त्यातले चार तर 'थेट मालकाकडून' या फिल्टरमध्ये बसलेले एजंट होते.

एक महाभाग तर त्याहून पुढचा. म्हणे, "मी परदेशात आहे, घर दाखवायला कोणी नाही, टोकन पाठवा मी किल्ली कुरियर करतो." फोटो गूगल लेन्समध्ये टाकले तर तेच घर दुसऱ्याच शहराच्या नावाने दुसऱ्या साईटवर. ॲपवर रिपोर्ट केलं, 'आम्ही तपासत आहोत' असा मेसेज आला आणि लिस्टिंग आठवडाभर तसंच होतं. घर आतून बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलू दे.

आता प्रीमियम प्लॅन, म्हणजे माझा मूर्खपणा. २५ मालकांचे नंबर मिळतील म्हणाले. मिळाले पण. त्यातले आठ बंद किंवा उचललेच नाहीत, पण नंबर बघितला की तुमच्या कोट्यातून एक कमी, समोरच्याने उचलो न उचलो. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे 'नंबर दाखवणं' हीच सर्व्हिस आहे. वा! आणि उलटा तोटा असा की तुमचा नंबर पण पसरतो, मला घर मिळाल्यावरही पॅकर्सपासून लोनवाल्यांपर्यंत सगळ्यांचे फोन चालू आहेत. जमलं तर यासाठी वेगळं सिमच वापरा.

ऑफिसपासूनच्या अंतराचं पण एक आहे. ॲपने ४ किलोमीटर दाखवलं ते नकाशावर सरळ रेघ मारून. मधे रेल्वे लाईन, पूल लांब, रस्त्याने ते निघालं ९. मी एका मंगळवारी मुद्दाम ऑफिसच्या वेळेला जाऊन बघितलं तर एका बाजूने एक तास लागला. रोजचे दोन तास म्हणजे महिन्याच्या २२ दिवसांचे ४४ तास, जवळजवळ दोन अख्खे दिवस नुसते प्रवासात, आणि भाड्यात वाचलेले पैसे तिकिटात जाणार ते वेगळंच. सोडलं ते घर.

शेवटी घर मिळालं ते ॲपवर नाहीच. ॲपमुळे जो एरिया पक्का केला होता तिथे एका संध्याकाळी पायी फिरले, गेटवर हाताने लिहिलेली पाटी दिसली, घरमालकीण आजींनी घर कुठेच ऑनलाईन टाकलेलं नव्हतं. तोपर्यंत मी तयार झाले होते, त्यामुळे किचनचा नळ सोडून ठेवून फ्लश ओढून बघितला (धार बारीक झाली, पण चालेल एवढी), कपाटामागे हात घालून भिंत ओलसर आहे का बघितली, कारण एकाच भिंतीला ताजा रंग होता. निघाली कोरडी. "एवढं तर माझ्या सुनेने पण नाही बघितलं," म्हणाल्या. करारात लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, हे तीन प्रश्न विचारून लिहून घेतलं. किल्ली मिळाली त्याच दिवशी मीटरच्या रिडिंगचे आणि आधीपासून तडकलेल्या टाईल्सचे फोटो काढून त्यांनाच पाठवले, म्हणजे निघताना वाद नको.

अपडेट: ॲप डिलीट केलं म्हणजे प्लॅन बंद झाला असं मी धरून चालले होते, पुढच्या महिन्यात परत पैसे कापले गेले. ऑटो रिन्यूअल फोनच्या सबस्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. रिफंडची रिक्वेस्ट टाकलीये, अजून 'तपासत आहोत'च चाललंय.