मुलाला दमा आहे: प्युरिफायर घ्यावा की आधी स्वयंपाकघराची हवा काढावी?

डॉक्टरांनी बाळदमा सांगितला, इन्हेलर सुरू झाला, की घरातल्या मोठ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एअर प्युरिफायर घ्यायचा का? घ्यायचा तर कुठला? माझं म्हणणं असं की हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, मुलाला त्रास देणारी हवा घरातच तयार होते की बाहेरून येते? त्याच्या उत्तरावर पंधरा हजारांचं यंत्र कामाचं की शोभेचं हे ठरतं. पुढचं सगळं शहरातल्या एक-दोन बीएचके फ्लॅटसाठी आहे, जिथे गॅसवर स्वयंपाक होतो आणि हॉलला लागूनच ओटा असतो.

प्युरिफायर काय करतो? पंख्याने हवा ओढून हेपा या अतिबारीक विणीच्या फिल्टरमधून सोडतो. धुराचे आणि धुळीचे बारीक कण, परागकण, बुरशीचे बीजाणू तो चांगले पकडतो. वायू मात्र त्यातून आरपार जातात. गॅसच्या ज्योतीत नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो दम्याच्या श्वासनलिकेला नकोसाच असतो. त्याच्यासाठी लागतो कोळशाचा थर, जो बाजारातल्या बहुतेक स्वस्त यंत्रांत नावापुरता असतो. एक्झॉस्ट फॅनला कण काय आणि वायू काय, सगळं सारखंच. तो फक्त बाहेर ढकलतो. पण तो शेगडीपाशी, स्वयंपाकाच्या वेळेपुरताच उपयोगी. समोरच्या सिग्नलवरचा धूर तो अडवत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घरांत तीन उपाय करून पाहिले गेले आणि निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. गॅसऐवजी विजेची शेगडी दिली, तिथे तीन महिन्यांनी स्वयंपाकघरातला नायट्रोजन डायऑक्साइड 51 टक्क्यांनी आणि झोपायच्या खोलीतला 42 टक्क्यांनी उतरला. कोळशाचा थर असलेला प्युरिफायर ठेवला, तिथे स्वयंपाकघरात सुरुवातीला 27 टक्के आणि तीन महिन्यांनी 20 टक्के घट राहिली. शेगडीवर हुड, म्हणजे आपली चिमणी, बसवली तिथे नजरेत भरेल असा फरकच पडला नाही. त्याच शहरात सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या दमेकरी मुलांवरही प्रयोग झाला. प्युरिफायरने हवेतले कण कमी झाले, मुलांचे बिनत्रासाचे दिवस वाढले, पण हवेतलं निकोटिन जिथल्या तिथे. म्हणजे यंत्र खोटं नाही, त्याचं काम ठरलेलं आहे.

मग चिमणीवर वीस हजार घालावेत? पाइप थेट बाहेर जात असेल आणि ती रोज चालू होत असेल, तर जरूर. आपल्याकडे गोम इथेच असते. आवाज होतो म्हणून चिमणी फक्त मासे तळताना लागते, चहा-दूध-कुकर तिच्याविना. बिनापाइपची चिमणी तर तेल जाळीत अडवून उरलेली हवा परत आपल्याच तोंडावर सोडते. दम्यासाठी म्हणून ती घेऊ नका.

माझं झुकतं माप साध्या एक्झॉस्ट फॅनला आहे, खर्च साधारण दोन हजार. मात्र तो ओढतोय का, हे बघा. पंखा लावा आणि वर्तमानपत्राचा तुकडा त्याच्या जाळीजवळ धरा. घराची सगळी दारं-खिडक्या बंद असतील तर कागद नुसताच फडफडतो, कारण बाहेर जायला आत हवा यायला हवी. आता हॉलची खिडकी चार बोटं उघडा, कागद जाळीला चिकटेल. पंख्याशेजारची खिडकी उघडून मात्र उपयोग नाही. तिथली हवा तिथूनच परत जाते आणि फोडणीचा ठसका हॉलमध्ये अभ्यास करणाऱ्या पोराला लागतो तो लागतोच. जुन्या इमारतीत पंखा सामाईक डक्टमध्ये उघडत असेल तर खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा ठसकाही तुमच्याकडे येतो. मग ड्राय बाल्कनीच्या बाजूने सोय होते का, ते बघा.

सोबत एक इंडक्शन शेगडी, तीही दोन-चार हजारांतच. भाकरी आणि भरताचं वांगं गॅसवरच होणार, त्यात वाद नाही. पण दूध, चहा, कुकर, अंघोळीचं पाणी ही रोजची लांबलचक कामं इंडक्शनवर गेली तर ज्योत पेटण्याचा वेळच कमी होतो. ॲल्युमिनियमची भांडी त्यावर चालत नाहीत, सपाट बुडाचा स्टीलचा कुकर लागेल. तळण्याचा धूर इंडक्शनवरही होतोच, म्हणून पंखा सुटत नाही.

प्युरिफायर कोणी घ्यावा? घर हमरस्त्यावर, बांधकामाच्या शेजारी किंवा कचरा जाळतात अशा मोकळ्या प्लॉटसमोर असेल, त्यांनी. पीएम 2.5 या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. म्हणजे आपल्याकडे ‘मर्यादेत’ असलेला दिवसही दमेकरी मुलासाठी चांगला असेलच असं नाही. अशा घरात मूल झोपतं त्या खोलीत यंत्र ठेवा, हॉलमध्ये नको. दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे 32 घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर 160 घनमीटरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, लागतो. पण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. म्हणून 250-300 चं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवा. फिल्टरची किंमत आधी विचारा, कारण वर्षाला दोन-तीन हजार तिथे जातात. आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग, असेल तर तो बंद करता येतो का, हेही पाहा. काही यंत्रांतून त्यामुळे ओझोन निघतो आणि ओझोनने दमा चाळवतो. एसी म्हणजे प्युरिफायर नव्हे. हवा शुद्ध करणाऱ्या कुंड्यांचं तर सोडूनच द्या. खोलीचं जंगल केलं तरच फरक पडेल.

दोन गोष्टी अशा की त्यांच्यापुढे दोन्ही यंत्रं हात टेकतात. पहिली, डासांची कॉइल. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. कॉइल पेटवून प्युरिफायर लावणाऱ्याला काय म्हणावं! खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाणी, धूप-अगरबत्ती दिवसा आणि खिडकीशी. दुसरी, ओल. पावसाळ्यात भिंतीला पोपडे धरले, कपाटामागे काळी बुरशी आली, तर आधी प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला, मग बाकीचं. आणि कुठलंही यंत्र आणलं म्हणून इन्हेलर मनाने कमी करायचा नाही. तो डॉक्टरांचा अधिकार.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच काढून तिथे प्लायच्या तुकड्यात पंखा बसवता येतो. काच जपून ठेवा, घर सोडताना परत लावून द्या. इंडक्शन आणि प्युरिफायर तर सामानाबरोबर येतातच.