एव्हीआरडूडने चिप लॉक करणं: टूल भारी, पण कुलूप नक्की कशाला लागलं ते तुम्हीच बघायचं

अर्डुइनो आयडीईमध्ये ॲटमेगा३२८पी चिपवाल्या उनो किंवा नॅनोवर अपलोड केलं की मागे एव्हीआरडूडच (चिपमध्ये कोड भरणारं कमांडलाइन टूल) चालत असतं, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी ते नाव न कळताच वापरलेलं आहे. ब्रायन डीनने मुळात फ्रीबीएसडीसाठी लिहिलेलं, फुकट, ओपन सोर्स, आणि अजूनही अपडेट येतात. मी मुख्यतः लॉक बिट्ससाठी (चिपला कुलूप लावणाऱ्या सेटिंगसाठी) वापरते, कारण बोर्ड गिऱ्हाइकाकडे गेला की आतला कोड कुणी वाचून दुसऱ्या चिपमध्ये टाकू नये एवढीच अपेक्षा.

काम एका ओळीचं आहे. डॅश यू, मग लॉक, मग डब्ल्यू आणि हेक्स व्हॅल्यू, झालं. ॲटमेगा३२८पी वर एफएफ म्हणजे सगळं उघडं, एफई म्हणजे प्रोग्रामरने (चिपला जोडून कोड भरायचं उपकरण) लिहिणं बंद पण वाचणं चालू, एफसी म्हणजे वाचणं पण बंद. फ्लॅश (कोडची मेमरी), ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी डेटाची मेमरी), फ्यूज (चिपच्या मूळ सेटिंग्ज) आणि लॉक एकाच कमांडमध्ये ओळीने देता येतात आणि ते त्याच क्रमाने होतात हे मला सगळ्यात आवडलं, कारण लॉक शेवटीच लागतो, आधी लावलात तर फ्यूज बदलत नाहीत मग बसा. बॅच फाइल करून ठेवली की बोर्ड लावा, एंटर मारा, पुढचा घ्या.

आता गैरसमज. लॉक केलं म्हणजे कुणी पुसू शकत नाही असं अजिबात नाही. कुणीही प्रोग्रामर लावून नवीन फ्लॅश लिहायला घेतला की एव्हीआरडूड आधी आपणहून चिप इरेज करतं, त्यात लॉक बिट्सही जातात आणि कोडही जातो, आणि तुम्हाला एका शब्दाने विचारत नाही. म्हणजे कॉपी होणार नाही, पण चिप दुसऱ्याच्या कामाला येईल. आणि ईईसेव्ह फ्यूज ऑन असेल तर इरेजनंतरही ईईप्रॉम तसाच राहतो, लॉक गेलेला असतो, म्हणजे तिथे ठेवलेली एन्क्रिप्शन की किंवा पासवर्ड आरामात वाचता येतो. तिथे काही ठेवूच नका.

दुसरी भानगड बूटलोडरची (चिपमध्येच बसलेला, सिरियलवरून नवीन कोड घेणारा छोटा प्रोग्राम), आणि ही जास्त लोकांना नडते. उनोच्या सेटिंगमधली ०एफ व्हॅल्यू बघून लोकं समजतात चिप लॉक झाली, पण ती फक्त बूटलोडरवर कुणी लिहू नये म्हणून आहे, तुमचा स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) उघडाच असतो. बरं एफसी लावलं पण ऑप्टिबूट (उनोचा बूटलोडर) आत तसाच ठेवला तर? खालचे दोन बिट्स बाहेरच्या प्रोग्रामरला अडवतात, आतल्या बूटलोडरला नाही, त्यामुळे सिरियल पोर्टवरून ह्याच एव्हीआरडूडने अख्खा फ्लॅश वाचता येतो!! पुढचा दरवाजा बंद आणि मागचा सताड उघडा. एक तर बूटलोडर काढून टाका (मी तेच करते, प्रोग्रामरने हेक्स फाइल टाकली की तसाही पुसला जातो, फक्त रीसेटनंतर आधी बूटलोडरकडे नेणारा बूट रीसेटचा फ्यूज बदलायला विसरू नका), नाहीतर त्या दोन बिट्सच्या लगेच वरचे चार बिट्सही शून्य करून सी० लिहा, पण मग सिरियलवरून अपडेट कायमचं विसरा.

तक्रार एकच, हे सगळं टूल सांगत नाही. तुम्ही हेक्स द्या, ते लिहून, वाचून, पडताळून मोकळं. जुन्या व्हर्जनमध्ये तर न वापरलेल्या बिट्सवरून वॉर्निंग यायची आणि नवखा माणूस घाबरायचा. आताच्या व्हर्जनमध्ये टर्मिनल मोडला (एकेक कमांड टाइप करायचा मोड) कॉन्फिग कमांड आहे, त्यात बिट्स नावाने दिसतात, हेक्सची आकडेमोड करायची गरज नाही, तेच वापरा.

लॉक लिहायला आयएसपी प्रोग्रामर (बोर्डवरच्या चिपला थेट जोडायचा) मात्र लागतोच, ऑप्टिबूटवरून नाही होत. यूएसबीएएसपी घ्या किंवा पडून असलेल्या दुसऱ्या उनोवर अर्डुइनोआयएसपी स्केच टाका. यूएसबीएएसपी विंडोजला सापडत नसेल तर झॅडिग या टूलने ड्रायव्हर टाकायचा, लिनक्सवाल्यांनी यूडेव्ह रूल (यूएसबी वापरायची परवानगी) टाकायचा नाहीतर दर वेळी सुडो.