जुनी रोड बाईक टूरिंगसाठी: आधी गिअर, मग बाकीचं

सायकल जुनी, स्टील फ्रेमची, 8 स्पीड. पुढच्या दोन चक्रांना 52 आणि 42 दात, मागच्या आठांना 12 ते 25. पुण्यात फिरायला हे गिअर झकास. पण पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) भरून वाईहून पसरणी घाट चढायचा म्हटलं की सगळ्यात हलका गिअरही जडच. म्हणून खर्चाचा मोठा वाटा गिअरवर टाकला. पावसाळ्यासकट इतके महिने चालवल्यावर सांगतो, पैसे वसूल झाले.

चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. पुढे 42, मागे 25 दात म्हणजे पॅडलच्या एका फेरीत साडेतीन मीटर. आता पुढे 50/34, मागे 11-34. त्यामुळे सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच. ओझं घेऊन बसल्या बसल्या चढता येतं, गुडघे कुरकुरत नाहीत. जुन्या क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) नुसती छोटी चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, लावून भागत नाही. 130 मिलिमीटर बोल्ट सर्कलवर (चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 38 दातांच्या खाली रिंग बसतच नाही. क्रँकसेटच 110 चा लागतो, आणि त्याला जुळणारा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग.

मागचा डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब केजचाच घ्या; केज म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा हात. पुढचा फरक 16 दातांचा, मागचा 23 चा, बेरीज 39. एवढी सैल चेन छोट्या केजला आवरत नाही. मी शिमानो कंपनीचा क्लॅरिस लावला. शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) जुनेच ठेवले, छान चालतात. शिमानोचा 9 स्पीड एमटीबी (माउंटन बाईकचा) डेरेलरही त्यांच्यावर चालतो. 10 स्पीड एमटीबीचा मात्र नाही. तोटा एकच: सपाटीवर समोरून वारा असला की दोन गिअरांमधलं अंतर जाणवतं. मला ते मान्य आहे.

मागचं चाक 36 तारांचं बांधून घेतलं. सगळा भार तिथेच येतो आणि तारा तुटतात त्या बहुतेक चेनच्या बाजूच्या.

टायर 23 मिलिमीटर रुंदीचे काढून 28 चे टाकले. त्याआधी ब्रेक आणि फोर्कखाली जागा आहे का ते बघा. पावसात वरंध घाट उतरलात तर घरी आल्यावर ब्रेक पॅड काढून तपासाच. त्यात रिमचे चकाकणारे बारीक कण रुतलेले दिसतात. ते टाचणीने उकरून काढले नाहीत तर रिमचा सत्यानाश.

कॅरिअर घेताना मात्र सायकल सोबत न्या. रोड बाईकची चेनस्टे (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) आखूड, त्यामुळे पॅडल मारताना टाच पॅनिअरला घासते. पॅनिअर मागे सरकवता येईल असंच कॅरिअर बघा, आणि नेहमीचे बूट घालून दुकानातच पॅडल फिरवून पाहा.