नंबर जुळला, इंजिन गेले: जुनी आरएक्स-१०० गॅरेजला देण्याआधी हे वाचा

माझी जुनी यामाहा आरएक्स-१०० मोटरसायकल नवी करून देतो म्हणणाऱ्याला ६२,५०० रुपये दिले. त्याने केलेली वाट निस्तरायला दुसऱ्या गॅरेजात आणखी १६,८०० गेले. एकूण ७९,३००. आणि एवढे करून गाडीतला मूळ ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर), मूळ क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा दांडा), मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर आणि ऑइल पंप गेला तो गेलाच. लाज वाटते म्हणून बरेच महिने कुणाला सांगितले नव्हते. पण गोव्यात डिचोली, फोंडा, पेडणे इकडून जुन्या गाड्या घेऊन लोक अजून तशाच गॅरेजांत जाताहेत, म्हणून लिहितो.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे सगळ्यांना ठाऊक आहेत. हा पळाला नाही. गाडी चकाचक करून परत दिली, म्हणून तर कुणी ऐकून घेत नाही.

आरएक्स-१०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघाली. नंबर दोनच ठिकाणी असतो, चासीवर आणि इंजिनाच्या केसिंगवर (खालच्या कवचावर). ब्लॉक, हेड, पिस्टन, क्रँक, कार्बोरेटर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पाकळ्यांची झडप), पंप यांच्यावर गाडीचा नंबर नसतो, आणि जुन्या बाजारात मागणी नेमकी त्यांनाच असते. केसिंग तसेच ठेवायचे आणि पोटातले सगळे बदलायचे, म्हणजे कागदोपत्री गाडी तुमचीच राहते.

गाडी १९९० ची. नवी घेतल्यापासून एकाच घरात, ३१,००० किलोमीटर चाललेली, इंजिन एकदाही न उघडलेले. २०११ पासून पडवीत उभी. ११ जून २०२४ ला गॅरेजात दिली. ठरलेली रक्कम ५८,००० : इंजिन १९,५००, क्रोम आणि बफिंग ११,०००, रंग ९,५००, वायरिंग ४,५००, टायर-ट्यूब, स्पोक व ब्रेक लायनर ७,५००, केबली, रबर आणि किरकोळ ६,०००. हे त्याने एका वहीच्या पानावर लिहून दिले. सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. असे पान कुठेच चालत नाही, हे नंतर प्रत्येक टेबलावर ऐकावे लागले.

दर पाहून मी फसलो असे नाही. तेरा वर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकला हा खर्च येतोच. पिस्टन जिथे थांबलेला असतो त्याच्या वरच्या भागात बोअरला (ब्लॉकच्या आतल्या गोल भोकाला) गंजाची कडी धरते, आपल्या खाऱ्या दमट हवेत तर धरतेच. ती होनिंगने (हलके घासून) जाईल इतकी उथळ नसेल तर बोअर मारून, म्हणजे भोक मोठे करून, पहिला ओव्हरसाइज, म्हणजे ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा लागतो. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील (तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचे गेले की गिअर ऑइल आत ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचे गेले की तिथून हवा शिरते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण होते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. मेन बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. ठिणगीचे पॉइंट काळे पडतात. कार्बोरेटरात पेट्रोल सुकून डिंक होतो आणि सगळ्यात आधी पायलट जेट (मंद चालीचे बारीक छिद्र) बंद करतो. टाकीचे तर विचारूच नका. हे सगळे मला माहीत होते, तोही नेमके हेच बोलत होता, म्हणून विश्वास बसला. अडाण्याकडे गाडी दिली नव्हती. काम येणाऱ्याकडेच दिली होती.

(उभी गाडी गॅरेजला देण्याआधी किक मारून पाहू नका. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा. कोरड्या बोअरमध्ये अडकलेली रिंग किकने तुटते आणि मग मेस्त्रीला हवे ते बिल लावायला वाट मोकळी होते.)

आता १९ जुलै. जिथे मला कळायला हवे होते तो हा दिवस.

इंजिन टेबलावर उघडे होते. ब्लॉक नव्हता, म्हणाला, लेथवर बोअर मारायला गेलाय. मी जुने पार्ट मागितले. त्याने टेबलाखालून सिमेंटची रिकामी गोण ओढली आणि त्यातून एक पिस्टन काढून माझ्या हातावर ठेवला. 'हा तुमचा.' बोटाने वरची काजळी पुसली तर माथ्यावर ठसा होता ०.७५. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, कधीतरी जाम झालेल्या पिस्टनला असतात तसे.

स्टँडर्ड बोअर ५० मिलिमीटरचा. माझी गाडी कधी उघडलीच नव्हती, म्हणजे आत स्टँडर्ड पिस्टनच असणार. ०.७५ म्हणजे तीनदा बोअर मारलेले इंजिन. तो पिस्टन माझ्या गाडीतला असणे शक्यच नव्हते आणि तो मी हातात धरून उभा होतो. विचारले. तो सहज म्हणाला, 'मिसळ झाली गोणीत, पात्रांव (मालक). तुमचा शोधून ठेवतो.' बाहेर मुसळधार पाऊस, चतुर्थी सात आठवड्यांवर, त्याने मोबाईलवर क्रोम होऊन आलेल्या मडगार्डचे फोटो दाखवले. मी त्याच संध्याकाळी यूपीआयने १४,००० पाठवले. वीस हजार आधी गेलेच होते.

मिसळ झाली या दोन शब्दांत त्याने सगळे सांगून टाकले होते. एका गाडीचे पोट दुसऱ्या गाडीत, तेच तर त्याचे काम. मी तिथेच उठून 'लेथ कुठली, चल दोघे जाऊ आणि ब्लॉक बघू' म्हटले असते तर २०,००० वर सुटलो असतो आणि ब्लॉकही हाती लागला असता. माणसावर चोर म्हणून संशय घेणे सोपे नसते. समोरचा चहा मागवतो, आपली गाडी त्याच्या टेबलावर उघडी पडलेली असते, भांडलो तर ती पोत्यात भरून परत मिळेल ही भीती असते. हे कारण पटो न पटो, खरे आहे.

गोणीतला पिस्टन मी सोबत घेऊन आलो, एवढे एकच शहाणपणाचे काम केले.

ताबा ३ सप्टेंबरला मिळाला, चतुर्थीच्या चार दिवस आधी. २४,००० रोख मागितले, दिले. ब्लॉकला उष्णता सोसणारा काळा रंग मारलेला. माझ्या ब्लॉकच्या डाव्या बाजूचा वरून तिसरा फिन (थंडाव्यासाठीची पातळ पट्टी) टोकाला तुटलेला होता, अर्ध्या नखाएवढा तुकडा गेलेला. आता सगळे फिन अखंड. तो म्हणाला, वेल्डिंग करून भरला. इतक्या पातळ ॲल्युमिनियमच्या फिनवर वेल्डिंग केले तर जागा जाड दिसते, फाइल मारल्याची खूण राहते. मी बोट फिरवून पाहिले नाही. घरची माणसे गाडीला हार घालायला उभी होती. ऑइल पंपाच्या जागी पत्र्याची प्लेट होती, तर म्हणे जुन्या पंपाचा भरवसा नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा. असे करणारे पुष्कळ असतात, म्हणून तेही पटले. पंप बंद करायला हरकत नाही, पण काढलेला पंप हातात घ्या. त्यालाही किंमत आहे.

कागदांचे ४,५०० वेगळे, तेही रोख. नोंदणीच्या नूतनीकरणाचे पैसे म्हणून ऑगस्टमध्येच घेतले होते. दुचाकीचे सरकारी शुल्क तेव्हा १,००० रुपये होते आणि उशिराचा दंड महिन्याला ३०० (वीस वर्षांपुढच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून शुल्क २,००० झाले). त्याने सांगितले, पासिंग झाले, पावती मागून येईल. पासिंगला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते आणि ऑगस्टमध्ये इंजिन तर सुटे होते! सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात दिसले असते. मी टाकला ऑक्टोबरमध्ये. वैधतेची तारीख २०११ चीच. शिवाय कुणी तुम्हाला 'व्हिंटेज नंबर' काढून देतो म्हणत असेल तर तिथेच थांबा. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आरएक्स-१०० एकही तेवढी जुनी नाही.

४६ किलोमीटरवर गाडी चढणीला जाम झाली. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

फोंड्याच्या बाजूच्या दुसऱ्या मेस्त्रीने माझ्यासमोर उघडली. पिस्टनवर ठसा १.००. बिल ०.२५ चे घेतले होते. म्हणजे शेवटच्या मापावर पोचलेला, कुणाचा तरी टाकाऊ ब्लॉक रंग मारून बसवलेला. पुढचे माप नाही, आता स्लीव्ह (आतून नवे नळकांडे) घालूनच स्टँडर्डला आणावा लागणार. क्रँकचा रॉड हाताने वरखाली केला तर टक्क वाजत होता, म्हणजे रॉड किट (नवा रॉड आणि त्याचे बेअरिंग) घातलेच नव्हते. सील जुनीच, नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी कडक, आणि मॅग्नेटच्या बाजूच्या सिलातून हवा ओढत होती, जाम होण्याचे कारण तेच. रीड व्हॉल्व्हच्या एका पाकळीचा कोपरा उडालेला. कार्बोरेटरच्या अंगावर मिकुनीची ओतीव अक्षरे असतात, इथे गुळगुळीत. मेहनत केली होती ती फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागांवर. त्यातही क्रोमखाली निकेल नीट न दिल्यामुळे पहिला पावसाळा संपेपर्यंत मडगार्डच्या कडेला तपकिरी ठिपके आले.

मग सरकारी दारे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: गाडी कुठे आहे? घरी आहे म्हटले. 'मग चोरी कसली?' चासी नंबर जुळतो, इंजिन नंबर जुळतो, आरसीवर नाव तुमचे. दोन्ही पिस्टन टेबलावर ठेवले, ०.७५ आणि १.००, समजावून सांगितले. हवालदाराने उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाला, हा पैशांचा व्यवहार, दिवाणी मामला, वकील बघा. पार्ट सांभाळायला दिले आणि ते लाटले, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघात होतो आणि खोटे सांगून पैसे घेतले तर ३१८ खाली फसवणूक. मी कलमे लिहून नेली होती. 'कलम आम्ही लावतो' म्हणाले, आणि कुठलेच लावले नाही. तीन फेऱ्या झाल्या. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का द्यायलाही नकार. तिसऱ्या वेळी तर साहेब चहा पिऊन येईपर्यंत दीड तास बाकावर बसवले आणि शेवटी सांगितले, आपसात मिटवा. मिटवायला त्याने फोन तर उचलायला हवा ना! नागरिकाला कायदा शिकवायला सगळे तयार, अर्ज घ्यायला कोणी नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा नव्हे. बँकेने तेच सांगितले. पंचायतीत गेलो तर गॅरेजचा परवानाच त्याच्या नावावर नाही, जागामालकाच्या नावावर, आणि मालक म्हणतो मी फक्त भाडे घेतो. आरटीओच्या खिडकीवर उत्तर: गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. पासिंगच्या खोट्या ४,५०० बद्दल विचारले तर म्हणाले, एजंटला पैसे का दिलेत? भिंतीवर 'एजंटांपासून सावध राहा' अशी पाटी आणि तिच्याच खाली चार एजंट फायली घेऊन उभे! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला, पुढे मेसेज आला की समोरच्याकडून प्रतिसाद नाही. प्रतिसाद देणारा असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का?

ठाण्यात अर्ज घेत नसतील तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी तरतूद आहे, आणि पोस्टाची पावती म्हणजे पोच. ग्राहक आयोगात मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. मी तक्रार दाखल केली आहे. पण माझ्या हातात पुरावा फक्त यूपीआयच्या ३४,००० चा. रोख दिलेले २८,५०० मी शपथेवर सांगणार आणि तो नाही म्हणणार. गॅरेजात रोख देऊ नका. दहा टक्के सूट देतो म्हटले तरी नको.

गाडी देण्याआधी हेड आणि ब्लॉक स्वतःसमोर उघडून घ्या, पिस्टनच्या माथ्याचा ठसा दिसेल असा फोटो काढा. ब्लॉकच्या खालच्या कडेला, केसिंगवर बसणारी सपाट जागा सोडून, सेंटर पंचने (टोकदार हत्याराने) दोन ठिपके मारा, क्रँकच्या वेबवर (बाजूच्या चकतीवर) एक, कार्बोरेटरच्या फ्लँजला एक. कुठे मारले ते मेस्त्रीला दाखवा, लपवू नका, दाखवण्यातच त्याचा उपयोग आहे. चासी आणि इंजिन नंबरचे पेन्सिलीने छाप घेऊन ठेवा. ब्लॉक लेथवर स्वतः घेऊन जा, नवा पिस्टन सोबत न्या, बोअर त्या पिस्टनच्या मापाला धरून मारतात. पिस्टनशिवाय 'मारून ठेवला' म्हणणारा खोटे बोलतो. जुने सील, जुने बेअरिंग, जुना रॉड परत मिळाल्याशिवाय त्या कामाचे पैसे सोडू नका. आणि चतुर्थीची तारीख मेस्त्रीला अजिबात सांगू नका.

माझा ब्लॉक अजून कुठल्या तरी गाडीवर फिरत असणार. स्टँडर्ड बोअर किंवा नुकताच ०.२५ मारलेला, डाव्या बाजूचा वरून तिसरा फिन टोकाला तुटलेला. जून २०२४ नंतर कुणी तसा ब्लॉक विकत घेतला असेल, तर त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही फसवूनच विकला असेल. फक्त कुणाकडून घेतला एवढे लिहून द्यावे. आयोगापुढे तो एक कागद मला पुरेल.